मोरीतले चौतीस व्होल्ट

लतिकाला ते पहिल्यांदा जाणवलं नोव्हेंबर संपता संपता, पहाटे साडेपाचला, पाणी भरताना.

गिरगावात मुगभाटाच्या एका गल्लीत त्यांची चार मजली इमारत. तळमजल्यावर रस्त्याच्या अंगाला दुकानं आणि मागच्या अंगाला राहतं घर एकच, तिचं. स्वयंपाकघराच्या कोपऱ्यात मोरी, मोरीला काळ्या दगडाची जमीन, वर्षानुवर्षं पाणी पडून मधोमध खोलगट झालेली, आणि कमरेच्या उंचीवर एक पितळी नळ. पाणी सव्वापाचला येतं आणि पावणेसातला जातं. बावीस वर्षं, म्हणजे लग्न होऊन आली तेव्हापासून, ते पाणी तीच भरते. नवरा यशोधन आणि मुलगी मनवा तेव्हा झोपलेले असतात. तिचीही झोप पुरती उतरलेली नसते. अनवाणी पायांखाली ओला दगड गार लागत असतो आणि पाण्याचा आवाज ऐकत ती उभ्या उभ्या अर्धवट स्वप्नात असते.

त्या पहाटे कळशी भरली. नळ बंद करायला तिनं हात पुढे केला आणि बोटांच्या टोकांत काहीतरी गुणगुणलं. दुखलं नाही. लांब कुठेतरी कोणी तंबोरा लावत असावं आणि त्याची थरथर भिंतीतून आपल्या हातापर्यंत यावी, तसं. तिनं हात मागे घेतला, पुन्हा लावला. पुन्हा तेच. थंडी असेल, झोप असेल, असं म्हणून तिनं गाऊनच्या टोकात नळ धरून बंद केला आणि चहाचं आधण ठेवलं.

दुसऱ्या दिवशीही झालं. मग रविवारी झालं नाही, सोमवारी पुन्हा झालं. आठवडाभर तिनं कोणाला सांगितलं नाही, कारण खरं सांगायचं तर तिला ते थोडंसं आवडलंही होतं. सगळं घर निजलेलं असताना कोणीतरी आपल्याशी कुजबुजतंय असं वाटायचं. पण एका सकाळी गुणगुणणं थेट कोपरापर्यंत चढलं, हातातली कळशी निसटली, आणि ती घाबरली.

यशोधनला तिनं उठवून आणलं. तो स्लिपर ओढत आला. टाच दुखते म्हणून घरातही तो मऊ स्लिपर घालूनच असतो. त्यानं नळ धरला, सोडला, पुन्हा धरला. काहीच नाही म्हणाला. मनवानंही धरून पाहिला, तिलाही काही लागलं नाही. तिच्याही पायात सपाता होत्या. याकडे तेव्हा कोणाचं लक्ष गेलं नाही.

इलेक्ट्रिशियन गौतम त्याच गल्लीतला, मनवाच्या शाळेत पाचसहा वर्षं पुढे असलेला, नीट काम करणारा मुलगा. तो दुपारी आला, टेस्टर लावून गेला. लाइट लागला नाही. लतिका म्हणाली की दुपारी काही होत नाही, सकाळी ये. तर तो बिचारा एक दिवस पावणेसहाला आला. डिजिटल मीटरची एक वायर त्यानं भिंतीतल्या प्लगच्या वरच्या भोकात, अर्थिंगच्या भोकात घातली, दुसरी नळाला टेकवली, आणि मीटर तिच्यापुढे धरला.

"झिरो पॉइंट झिरो, काकी. एकदम सेफ."

तो गेल्यावर यशोधननं तिच्या खांद्यावर हात ठेवला. तो रागावला नव्हता, हसलाही नव्हता. आपण एकदा डॉक्टरांना दाखवू, एवढंच म्हणाला. आणि त्या मऊ आवाजानंच लतिकाला पहिल्यांदा एकटं वाटलं.

मग डॉक्टर झाले. व्हिटॅमिनच्या गोळ्या झाल्या. परळच्या एका हॉस्पिटलात नसांची तपासणी झाली. तिथे हातांना पट्ट्या लावून मुद्दाम बारीक झटके देतात. ते झटके आणि पहाटेचं गुणगुणणं यांत फरक आहे का, असं तिथल्या बाईनं विचारलं. लतिका म्हणाली, साधारण असंच. बाईनं कागदावर काहीतरी लिहिलं. नसा उत्तम निघाल्या. डॉक्टरांनी विचारलं, झोप कशी आहे, घरात काही ताण, पाळी नियमित येते का. वय सत्तेचाळीस. या वयात असं होतं, म्हणाले.

डिसेंबरभर मग ती एका विचित्र तंद्रीत वावरली. फोर्टमधल्या वकिलांच्या ऑफिसात ती मसुदे टाइप करते. कीबोर्डवर बोटं ठेवली की तिला वाटायचं, आता हे आपल्याला लागतंय ते तरी खरं आहे का. समोरचा माणूस बोलत असायचा आणि त्याचे शब्द काचेपलीकडून आल्यासारखे यायचे. एकदा तिला स्वप्न पडलं की त्यांची इमारत जमिनीपासून वीतभर वर उचलली गेली आहे, खालून वारा वाहतोय, आणि वरचे सगळे लोक आपापल्या खाटांवर शांत झोपले आहेत. जागी झाल्यावर तिला ते स्वप्न वाईट वाटलं नाही. पण त्या दिवसापासून लोखंडी, पितळी, स्टीलची कोणतीही वस्तू धरण्याआधी ती हाताची मागची बाजू तिला टेकवून बघू लागली. फाटकाची कडी, बसचा दांडा, डब्याचं झाकण. हात आपोआप वळायचा.

तिचे वडील, अप्पा, घोडपदेवला राहतात, तिचा भाऊ विकास याच्याकडे. एकोणऐंशी वर्षांचे. उमेदीची छत्तीस वर्षं त्यांनी माझगावला एका जहाजदुरुस्तीच्या कंत्राटदाराकडे वायरमन म्हणून काढली. आता नजरेचा मधला भाग गेलाय. माणूस समोर उभा राहिला की त्यांना त्याचे कान आणि खांदे दिसतात, चेहरा दिसत नाही. महिन्यातून एका रविवारी लतिका त्यांच्याकडे जाते. ते मात्र तिच्या घरी फारसे येत नसत. यशोधनच्या घराण्याचं गिरगावात जुनं नाव. पणजोबा हायकोर्टात मोठ्या हुद्द्यावर होते आणि ही सगळी इमारत एकेकाळी त्यांचीच होती. बावीस वर्षांत अप्पा तिथे सहासात वेळा आले असतील, तेही बारशाला, वाढदिवसाला, आणि जेवण झालं की तासाभरात निघायचे.

या प्रकाराबद्दल अप्पांना काही सांगायचं नाही असं तिनं ठरवलं होतं. जानेवारीतल्या पहिल्या रविवारी ती गेली तेव्हा विकास आणि त्याची बायको बाजारात गेली होती. अप्पा गॅलरीत उन्हात बसले होते. तिनं त्यांची नखं काढली. मग त्यांनी पाण्याचा रिकामा स्टीलचा पेला तिच्याकडे केला आणि तिनं तो घेतला. पेला घेताना तिच्या बोटांची मागची बाजू त्यांच्या हाताला लागली.

अप्पांनी तिचा हात चाचपला. मग म्हणाले, की मघाशी नेलकटर घेतानाही तू असाच उलटा हात लावलास. हा उलटा हात वायरमनचा असतो. करंट असला तर सुलटा हात मुठीत आवळतो आणि सुटत नाही, म्हणून आमचे लोक उलटा लावून बघतात. तुला हे कोणी शिकवलं?

लतिकाला एकदम रडू आलं. कोणीच शिकवलं नाही, असं ती म्हणाली आणि मग सगळं सांगितलं. नळ, गौतम, शून्य, नसा, गोळ्या. अप्पांनी मधे एकदाही तोडलं नाही. सांगून झाल्यावर त्यांनी जो प्रश्न विचारला, तो दीड महिन्यात तिला कोणी विचारला नव्हता. मनापासून बोलताना अप्पा मधेच एखाद्या वाक्याला मालवणीवर येतात, तसे आले.

"नळाक हात लावताना तू खंय उभी रवतंस गो?"

ती म्हणाली, मोरीत. दगडावर. पायांत काय असतं? काही नाही. दगड ओला असतो? असतो. दगडाखाली काय आहे? तिला माहीत नव्हतं. तळमजला आहे म्हणजे मातीच असणार. अप्पांनी मान हलवली. मग त्यांनी आणखी एक विचारलं, की हल्ली इमारतीत पाण्याच्या पाइपाचं काही काम झालंय का. झालं होतं. दिवाळीआधी जमिनीतला गंजलेला लोखंडी पाइप काढून सोसायटीनं तिथे प्लास्टिकचा टाकला होता.

"तुझ्या मुलानं मीटर बरोबर लावला," अप्पा म्हणाले. मुलगा म्हणजे गौतम. "फक्त त्यानं तुला सोडून मोजलं. व्होल्टेज काय एका वस्तूत नसतं, लता. मला कोणी विचारलं, घोडपदेव किती लांब आहे, तर मी काय सांगू?"

"कुठून ते विचाराल."

"तेच. कुठून कुठपर्यंत. नुसत्या नळाला व्होल्टेज नाही आणि नुसत्या दगडालाही नाही. या दोघांच्या मधे जो फरक आहे, ते व्होल्टेज. आणि त्या दोघांच्या मधे उभं कोण राहतं? तू."

मग त्यांनी तिला एका जहाजाची गोष्ट सांगितली. ते तिशीत असतानाची. एक परदेशी मालवाहू जहाज दुरुस्तीसाठी सुक्या गोदीत लाकडी ठोकळ्यांवर चढवलं होतं, आणि त्याला वीज किनाऱ्यावरून दिली होती. जहाजावर चाळीस माणसं. जेवण करत होती, झोपत होती, कठड्याला रेलून विड्या ओढत होती. कोणाला काही नाही. आणि एक सुतार, लवू नाव त्याचं, एक पाय ओल्या धक्क्यावर आणि हात जहाजाच्या शिडीच्या कठड्यावर, तो फेकला गेला. वाचला, पण हात महिनाभर लुळा होता. जहाजावरच्या इंजिनियरनं कठडा आणि डेक यांच्यात मोजलं. शून्य. कठडा आणि भिंत. शून्य. लवू प्यायला होता असं ठरलं. संध्याकाळी अप्पांनी एक लांबलचक वायर घेतली, तिचं एक टोक धक्क्यातल्या लोखंडी खुंटाला बांधलं आणि मीटर घेऊन शिडीशी गेले. काटा नव्वदवर गेला. जहाजाचं सगळं लोखंड एकदम नव्वद व्होल्टवर चढून बसलं होतं. त्या चाळिसातला प्रत्येक जण नव्वदवरच होता, म्हणून त्यांना कळायचं काही कारणच नव्हतं.

"खोटं कोणीच बोलत नव्हतं," अप्पा म्हणाले. "पण जमिनीवर पाय फक्त लवूचा होता."

पुढच्या शनिवारी संध्याकाळी लतिका टॅक्सीनं अप्पांना गिरगावला घेऊन आली. तिच्या घरी ते पहिल्यांदाच मुक्कामाला आले. हातात कापडी पिशवी, आणि पिशवीत टॉवेलात गुंडाळलेला जुना काट्याचा मीटर, काळा, जड, विटेएवढा. यशोधननं त्यांना हॉलमधला पलंग दिला. जेवताना तो त्यांच्याशी आदरानं बोलला, पण मीटरचा विषय त्यानं काढला नाही. अप्पांनीही काढला नाही.

सकाळी सव्वापाचला पाणी आलं. मनवा उठून दाराशी येऊन बसली, अंगावर चादर घेऊन. खिडकीबाहेर अजून अंधाराचा निळा रंग होता आणि दोन गल्ल्या सोडून कुठेतरी एक कोकीळ अवेळीच सुरू झाला होता. मोरीच्या दारात अप्पांसाठी स्टूल ठेवलं. त्यांना काटा दिसणार नव्हता, म्हणून मोजायचं आणि वाचायचं काम लतिकानं करायचं असं ठरलं होतं. त्यांनी तिला आधी मनवाच्या रबरी सपाता घालायला लावल्या. वायरींच्या टोकाच्या सळ्या कुठे धरायच्या, बोट कुठपर्यंत आणायचं, हे तिचे हात हातात घेऊन दाखवलं.

"आधी त्या मुलानं केलं तसंच कर."

तिनं एक सळई प्लगच्या अर्थिंगच्या भोकात घातली, दुसरी नळाला टेकवली. काटा हलला नाही.

"शून्य," ती म्हणाली. तिचा आवाज बारीक झाला होता. मागे उभ्या यशोधननं श्वास सोडला, तो तिला ऐकू आला.

"बरोबर आहे. नळ आणि ती वायर, दोघं एकाच जहाजावर. आता ती भोकातली काढ. दगडाच्या सांध्यात जिथे ओली माती आहे, तिथे खुपस."

मोरीच्या कोपऱ्यात दोन दगडांच्या मधे एक फट होती. त्यांनी सांगितल्याप्रमाणे तिनं आदल्या रात्रीच तिथे एक लांब स्क्रूड्रायव्हर मातीत खोल रोवून ठेवला होता. तिनं सळई त्याच्या लोखंडाला लावली, दुसरी नळाला ठेवली, आणि मीटरकडे पाहिलं.

काटा उठला. घाई न करता, झोपेतून कोणी हात वर करावा तसा उठला आणि एका जागी थरथरत उभा राहिला.

"किती?"

तिनं दोनदा रेघा मोजल्या. "चौतीस."

नळातून पाणी पडत होतं. लतिका त्या काट्याकडे बघत राहिली. दीड महिना जी गोष्ट फक्त तिच्या बोटांत होती, ती आता काचेखाली, सगळ्यांच्या समोर उभी होती. तिला आनंद झाला असं म्हणता येणार नाही. खूप लांबच्या प्रवासाहून आल्यावर आपल्या दाराची कडी हाताला लागावी, तसं काहीतरी झालं.

मग यशोधन पुढे आला. काय करतोय हे कळायच्या आत त्यानं पायातल्या सपाता काढून मोरीत पाऊल ठेवलं आणि नळाला बोट लावलं. त्याचा हात झटक्यानं मागे आला, खांदा भिंतीवर आपटला. अप्पांना दिसलं नव्हतं, पण आवाजावरून कळलं. ते तीव्र स्वरात म्हणाले, "यशोधनराव, बाहेर या. पुन्हा हात लावू नका."

तो बाहेर आला. आपल्या बोटाकडे आणि मग लतिकाकडे बघत राहिला.

"रोज?"

"रोज नाही. पण रोजच म्हण."

तो दाराच्या चौकटीला टेकून खाली बसला. त्याचे पाय ओले होते, आणि बराच वेळ ते पुसायचं त्याला सुचलं नाही.

सहाला दहा मिनिटं होती तेव्हा काटा आपसूक खाली गेला आणि शून्यावर निजला. लतिकाला वाटलं आपला हात हलला. अप्पांनी विचारलं, काय झालं. तिनं सांगितलं. ते म्हणाले, वर कोणीतरी आत्ता एक बटण बंद केलं, जाऊन बघा कोणी. मनवा चादर टाकून धावली. एकेका मजल्यावर जाऊन तिनं विचारलं, की आत्ता तुम्ही काय बंद केलंत. तिसऱ्या मजल्यावर प्रितीनं दार उघडलं. तिच्या कडेवर पाच महिन्यांची मुलगी होती, दुपट्यात गुंडाळलेली. बाळाच्या अंघोळीसाठी गीझर लावला होता, तो आत्ताच बंद केला, असं ती म्हणाली. रविवारी ती उशिरा उठते, आजचा रविवार अपवाद, बाळ लवकर उठलं म्हणून.

मनवानं तिला गीझर पुन्हा लावायला सांगितला आणि जिन्यातून खाली हाक दिली. मोरीत काटा उठला, चौतीसवर गेला. मनवानं वर सांगितलं, आता बंद. काटा खाली आला. तीन वेळा असं केलं. तीन मजले वर एक बाई भिंतीवरचं बटण दाबत होती, आणि खाली काळ्या डब्यातली एक बारीक सुई उठत होती, निजत होती. लतिकाला वाटलं, सगळी इमारत श्वास घेतेय आणि आपल्याला तो दिसतोय.

दिवसभरात बाकीचं उलगडलं. गौतमला बोलावलं. तो धावत आला आणि अप्पांच्या समोर जमिनीवर बसून त्यानं सगळं ऐकून घेतलं. प्रितीच्या गीझरचं कॉइल आत फुटलं होतं, त्यातून करंट गीझरच्या अंगात आणि पाइपात उतरत होता. तो खरं म्हणजे अर्थिंगच्या वायरीनं जमिनीत जायला हवा होता. पण जिन्याखालच्या मीटरच्या खोलीत गौतमनं फरशी उचकटली तेव्हा जमिनीत जाणारी तांब्याची पट्टी गंजून कधीच तुटलेली निघाली. इतकी वर्षं तिचं काम जमिनीतला तो जुना लोखंडी पाइप गुपचूप करत होता. तोही दिवाळीआधी काढला, आणि इमारतीच्या सगळ्या लोखंडाचा जमिनीशी उरलेला शेवटचा धागा सुटला. वरच्या मजल्यांना लाकडी तुळयांवरची जमीन. तिथे पायांखालीही मातीचा संबंध नाही. प्रिती रोज त्याच पाइपावरचा आपला नळ ओल्या हातानं धरत होती आणि तिला काहीच झालं नव्हतं.

गौतम लतिकाजवळ आला तेव्हा त्याचे कान लाल झाले होते.

"काकी, मी दोन्ही टोकं एकाच बाजूला लावत होतो. मला कळायला पाहिजे होतं."

तिनं त्याला चहा दिला. तो निदान सकाळी पावणेसहाला आला होता, हे तिच्या लक्षात होतं.

दुपारी प्रिती खाली आली. चेहरा उतरलेला. बाळाला प्लास्टिकच्या टबमधे अंघोळ घालते, एकदा तरी टब खालच्या मोरीत ठेवला असता तर, असं काहीतरी ती बोलू लागली आणि तिला पुढे बोलवेना. लतिकानं बाळ तिच्याकडून घेतलं. तुझा काय दोष, तुला कळायला मार्गच नव्हता, असं ती म्हणाली. आणि हे तिनं समजूत घालायला म्हटलं नव्हतं. आता तिला ते नीट माहीत होतं.

चार दिवसांत जमिनीत नवा खड्डा करून तांब्याची जाड पट्टी पुरली, करंट गळायला लागला तर आपोआप पडणारा स्विच मुख्य बोर्डात बसवला, गीझर बदलला. यशोधन सुट्टी घेऊन पूर्ण वेळ त्या कामावर उभा होता. लतिकाची त्यानं शब्दांत माफी मागितली ती पुढे बऱ्याच दिवसांनी, आणि ती त्या दोघांतली गोष्ट. पण त्या आठवड्यात तो एकदा पहाटे पाचला उठला, पिंप भरून ठेवलं, आणि पुन्हा न झोपता ती उठेपर्यंत स्वयंपाकघरात बसून राहिला.

अप्पा मात्र रविवारीच संध्याकाळी परत निघाले. यशोधननं राहायचा आग्रह केला. ते म्हणाले, औषधं घोडपदेवला आहेत. लतिका सोडायला गेली. टॅक्सी माझगावात आली तेव्हा ते अचानक म्हणाले, की टेकडीवरच्या बागेत थोडं बसू या. ती दोघं वर जाऊन एका बाकावर बसली. खाली गोदी, क्रेन, पाण्यावर धूसर ऊन. अप्पांना त्यातलं काय दिसत होतं कोण जाणे. नजरेच्या कडांना थोडं पाणी दिसत असेल.

तिनं विचारलं, की इतकी वर्षं तुम्ही आमच्याकडे का राहिला नाहीत. यशोधननं किंवा त्याच्या आईनं कधी काही बोलून दुखावलं होतं का.

"नाही. माणसं चांगली," अप्पा म्हणाले. मग काठी गुडघ्यांत धरून म्हणाले, "मी आलो की तुझं बोलणं बदलायचं. शब्द जपून जपून काढायचीस. मला वाटायचं, मी उठलो की पोर मोकळा श्वास घेईल. म्हणून लवकर उठायचो."

ते खरं होतं. तिनं ते कधी ठरवून केलं नव्हतं. सासरी आल्यावर पहिल्या वर्षात कधीतरी तिनं घोडपदेवचं मालवणी बोलणं आत ठेवून दिलं होतं, आणि अप्पा समोर बसले की ते बाहेर निसटेल या धास्तीनं ती आणखी ताठ व्हायची. त्यांना ते ऐकू येत असेल असं तिला कधी वाटलं नव्हतं.

"पण काल रात्री नाही तसं झालं," अप्पा म्हणाले. "काल तू माझ्याशी घरच्यासारखी बोललीस. त्यांच्यासमोर."

क्रेनच्या टोकांवरचं ऊन गेलं. रखवालदारानं शिट्टी वाजवली. लतिकानं त्यांचा हात धरून उठवलं. उतरायची वाट झाडांच्या सावलीत काळोखी झाली होती, आणि ती इथे फारशी आलेली नसल्यामुळे तिलाच पायऱ्यांचा अंदाज येईना. अप्पांनी काठी पुढे टेकवली.

"आता नऊ पायऱ्या," ते म्हणाले, "मग डावीकडे वळण. तुझी आई आणि मी शनिवारी यायचो. ये, माझ्या मागून ये."

ती त्यांच्या मागून एकेक पायरी उतरू लागली.